पंधराव्या वर्षीचं सुवर्णपदक : शंका-समाधान

मागच्या अंकात या सदरात युलिया लिपनित्स्काया या रशियन स्केटरचा ओझरता उल्लेख आला होता. २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये लाल पोशाखात बर्फावर उतरलेली, पंधरा वर्षांची, बारीक चणीची मुलगी. तिच्याबद्दल इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी तिचं जुनं चित्रण शोधून पाहिलं, काहींनी घरातल्या मुलांना शेजारी बसवून दाखवलं आणि मग शंका लिहून पाठवल्या. मी स्वतः चाकांवरचं, म्हणजे रोलर स्केटिंग शिकवते. पण उड्यांची आणि गिरक्यांची नावं दोन्हीकडे तीच आहेत आणि शिकायला येणाऱ्या मुलींची वयंही तीच. म्हणून या वेळचं सगळं सदर या पत्रांसाठी ठेवलं आहे.

प्रश्न : इतकी लहान मुलगी एकदम ऑलिंपिकच्या सुवर्णपदकापर्यंत पोहोचली कशी? आमच्या पिढीला हे चमत्कारासारखं वाटतं.
— एक निवृत्त मुख्याध्यापक, डोंबिवली

उत्तर : सर, तुमच्या पत्रातला ‘एकदम’ हा शब्द आधी तपासू या. युलियाचा जन्म ५ जून १९९८चा, उरल पर्वताजवळच्या येकातेरिनबुर्ग शहरातला. चौथ्या वर्षी ती बर्फावर उभी राहिली. आईनं एकटीनं वाढवलेली मुलगी. गावात जेवढं शिकता येण्यासारखं होतं तेवढं शिकून झालं, तेव्हा २००९ साली मायलेकी मॉस्कोला आल्या आणि एतेरी तुतबेरिद्झे या प्रशिक्षिकेकडे युलियाचा सराव सुरू झाला.

पुढच्या दोन वर्षांत काय घडलं पाहा. २०११च्या शरद ऋतूत ती पहिल्यांदा ज्युनियर ग्रां प्री मालिकेत उतरली. पोलंडमधल्या ग्दान्स्कला सुवर्ण, इटलीत मिलानला सुवर्ण आणि डिसेंबरात कॅनडातल्या क्वेबेक सिटीला झालेल्या अंतिम फेरीतही सुवर्ण. २०१२च्या मार्चमध्ये मिन्स्कला ती १८७.०५ गुणांनी ज्युनियर जगज्जेती झाली. तेव्हा तिला चौदावं वर्ष पूर्ण व्हायला तीन महिने होते.

त्यानंतरचा मोसम मोठ्यांच्या गटातला. त्यात सरावात ती जोरात पडली, हनुवटीला आणि डोक्याला मार बसला आणि ग्रां प्रीच्या अंतिम फेरीतून माघार घ्यावी लागली. ही अंतिम फेरी नेमकी सोचीलाच होती, ऑलिंपिकच्या बर्फाची चाचणी म्हणून भरवलेली. पुढच्या मोसमात ती उतरली ती थेट जिंकायलाच. २०१३ साली स्केट कॅनडा आणि मॉस्कोतली स्पर्धा, दोन्हीकडे सुवर्ण. जपानमधल्या फुकुओकाच्या अंतिम फेरीत माओ असादाच्या मागे रौप्य. जानेवारी २०१४मध्ये बुडापेस्टला २०९.७२ गुणांनी ती युरोपची विजेती झाली, वय पंधरा वर्षं सात महिने. आणि फेब्रुवारीत सोची.

म्हणजे पहिल्या पावलापासून सोचीपर्यंत अकरा वर्षं गेली होती. बाकीच्या जगाला त्यातलं शेवटचं दीड वर्षच दिसलं.

आणखी एक गोष्ट. ती एकटी वर आली नाही, एक अख्खी पिढीच वर येत होती. २००७ साली सोचीची निवड झाली आणि २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये रशियाला फिगर स्केटिंगचं एकही सुवर्ण मिळालं नाही. गेली अनेक दशकं असं झालं नव्हतं. घरच्या ऑलिंपिकला ही नामुष्की नको म्हणून सगळं लक्ष लहान मुलींवर गेलं. १९९६ साली जन्मलेली अदेलिना सोत्निकोवा बाराव्या वर्षीच रशियाची राष्ट्रीय विजेती झाली होती. येलिझावेता तुक्तामिशेवाही १९९६चीच, येलेना रादिओनोवा १९९९ची. युलिया या साखळीतली एक होती. गुण तिचे होतेच, पण तिच्या पाठीमागे एका देशाची घाईही होती. ही घाई पुढच्या काही पत्रांत पुन्हा भेटेल.

प्रश्न : ताई, शेवटी ती एक पाय थेट कानाला लावते आणि उभ्या-उभ्या फिरते. मला ती दिसेनाशीच झाली! इतका वेग कुठून येतो? तिला चक्कर येत नाही का?
— नववीतली विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : त्या गिरकीला तिचे चाहते मेणबत्ती म्हणतात, आणि नीट पाहिलंस तर नाव पटेल. एक पाय बर्फावर, दुसरा सरळ आकाशाकडे, गुडघा खांद्याला टेकलेला आणि दोन्ही हातांनी वर धरलेला घोटा. सगळं अंग एका उभ्या रेषेत येतं. खाली बर्फाला टेकलेलं असतं ते फक्त काही मिलिमीटर रुंदीचं पातं.

वेग कुठून येतो ते घरीच करून बघ. गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बस. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेली एकेक बाटली घे, हात दोन्ही बाजूंना पसर आणि भावाला खुर्ची फिरवायला सांग. मग बाटल्या झटकन छातीशी ओढून घे. कुणीही ढकललं नाही तरी खुर्ची जोरात फिरायला लागेल. वजन मध्यरेषेच्या जितकं जवळ, तितका फिरण्याला विरोध कमी. पुढे अकरावी-बारावीत ‘कोनीय संवेग’ शिकशील तेव्हा ही खुर्ची आठव. मेणबत्तीत युलियाचं जवळजवळ सगळं अंगच मध्यरेषेवर आलेलं असतं, म्हणून ती तुला दिसेनाशी झाली.

चक्कर सुरुवातीला सगळ्यांनाच येते. रोज थोडं-थोडं करत गेलं की मेंदू कानातून येणाऱ्या त्या गोंधळाच्या संदेशाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. आमच्या रिंकवर नवीन मुली पहिला महिना गिरकीनंतर कठडा धरून उभ्या राहतात. तिसऱ्या महिन्यात त्याच मुली गिरकीतून थेट पुढच्या पावलात जातात.

आता उडीबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. तिहेरी उडीत मुलगी हवेत असते जेमतेम अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त. तेवढ्यात तीन वेढे पुरे करायचे. हवेत वेळ वाढवता येत नाही, मग उरतं ते एकच : अंग आखडून घेऊन जोरात फिरणं. इथे लहान चणीच्या मुलीला मोठा फायदा मिळतो. एक हिशेब सांगते, तुझ्या गणिताच्या बाईंना दाखव. उंची १० टक्क्यांनी वाढली आणि अंगही त्याच प्रमाणात भरलं, तर वजन सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतं, पण फिरण्याला होणारा विरोध सुमारे ६० टक्क्यांनी. म्हणजे कालपर्यंत सहज बसणारी उडी चार बोटं उंची वाढली की अचानक परकी होते. मुलीची मेहनत तीच असते, धीरही तोच असतो. बदललेलं असतं ते शरीर.

प्रश्न : बुद्धिबळात मात म्हणजे मात. इथे युलियाला मिळाले तसे १४१.५१ असे पैशांपर्यंतचे गुण कोण आणि कसे देतं? हा निव्वळ पंचांच्या आवडीनिवडीचा खेळ आहे का?
— बँकेतून निवृत्त झालेले वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही आयुष्यभर खातेवही जुळवलीत, म्हणून तसंच मांडते. गुणांच्या दोन बाजू असतात.

पहिली बाजू तांत्रिक. प्रत्येक उडीला आणि गिरकीला ठरलेली मूळ किंमत असते. २०१४च्या नियमांत तिहेरी लुट्झ उडीचे ६ गुण आणि तिला लगेच जोडलेल्या तिहेरी टो-लूपचे ४.१, म्हणजे जोडीचे १०.१. हीच जोडी कार्यक्रमाच्या उत्तरार्धात, पाय थकलेले असताना मारली तर दहा टक्के जास्त, म्हणजे ११.११. उडी कोणती झाली, वेढे पुरे झाले का, हे वेगळं तांत्रिक मंडळ ठरवतं. मग नऊ पंच ती कशी झाली याची श्रेणी देतात. तेव्हा ती उणे ३ ते अधिक ३ होती, २०१८पासून उणे ५ ते अधिक ५ आहे. प्रत्येक बाबीतली सर्वांत वरची आणि सर्वांत खालची श्रेणी वगळून उरलेल्यांची सरासरी घेतात. दशांश चिन्हानंतरचे आकडे येतात ते इथून.

दुसरी बाजू सादरीकरणाची : बर्फावरची सफाई, रचना, संगीताशी असलेलं नातं. पंचांची नजर इथे जास्त बोलते, ही तुमची शंका रास्त आहे.

प्रत्येक स्केटर दोन फेऱ्या करते, आधी छोटी आणि मग लांब. युलियाच्या लांब फेरीत या दोन्ही बाजू एकत्र आल्या होत्या. संगीत होतं ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटाचं, जॉन विल्यम्स यांचं. रचना इल्या आवेरबुख यांची. त्या कृष्णधवल चित्रपटात एकाच लहान मुलीच्या कोटाला लाल रंग आहे, ती मुलगी युलिया झाली होती. कोवळं वय एरवी सादरीकरणात उणं पडतं. या कार्यक्रमात मात्र वय हाच आशय होता. एखादी तिशीची स्केटर ते दाखवू शकली नसती.

नियम मुली घडवतात, हेही इथेच सांगायला हवं. उत्तरार्धातले ते दहा टक्के घ्या. पुढे २०१८ साली अलिना झागितोवा या दुसऱ्या पंधरा वर्षांच्या रशियन मुलीनं आपल्या सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या आणि २३९.५७ गुणांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. थकल्या पायांनी सात वेळा उडण्याची ताकद हलक्या, कोवळ्या शरीरात जास्त असते. त्यानंतर नियम बदलला. आता छोट्या फेरीत शेवटच्या एका आणि लांब फेरीत शेवटच्या तीनच उड्यांना ती वाढ मिळते.

प्रश्न : ती सुवर्णपदक विजेती म्हणायची की पाचवी आलेली? दोन ठिकाणी दोन वेगळे निकाल वाचले.
— एक वाचक, पणजी

उत्तर : दोन्ही खरे. सोचीला फिगर स्केटिंगची सांघिक स्पर्धा ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदाच झाली. तिच्यात पहिल्या क्रमांकाला १० गुण, दुसऱ्याला ९ असा हिशेब होता. युलियानं ८ फेब्रुवारीला छोट्या फेरीत ७२.९० आणि दुसऱ्या दिवशी लांब फेरीत १४१.५१ मिळवून दोन्हीकडे पहिला क्रमांक घेतला. छोट्या फेरीत तिच्या मागे होत्या इटलीची अनुभवी कारोलिना कोस्टनर आणि दोनच महिन्यांपूर्वी तिला हरवणारी माओ असादा. रशियाच्या एकूण ७५ गुणांपैकी २० या एका मुलीचे होते. रशियाला त्या ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण मिळालं आणि १५ वर्षं २४९ दिवस वयाची युलिया हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी सर्वांत लहान रशियन खेळाडू ठरली.

दहा दिवसांनी वैयक्तिक स्पर्धा झाली. मधल्या काळात ती सरावासाठी मॉस्कोला गेली, तर कॅमेरे रिंकपर्यंत पाठोपाठ गेले. १९ आणि २० फेब्रुवारीला ती दोन्ही फेऱ्यांत एकेकदा पडली. ६५.२३ आणि १३५.३४, एकूण २००.५७, पाचवा क्रमांक. सुवर्ण सोत्निकोवाला, २२४.५९ गुणांनी. फिगर स्केटिंगमध्ये रशियाच्या एखाद्या स्त्रीनं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकण्याची ती पहिलीच वेळ. रौप्य कोरियाच्या युना किमला आणि कांस्य सत्तावीस वर्षांच्या कोस्टनरला, २१६.७३ गुणांनी.

आता आकडे शेजारी ठेवून पाहा. युलियानं सांघिक स्पर्धेतली आपली कामगिरी जशीच्या तशी केली असती तरी बेरीज २१४.४१ झाली असती, म्हणजे कांस्यपदकाच्या खाली. दहा दिवसांपूर्वी पुरून उरलेले गुण आता पुरणारे नव्हते, कारण बाकीच्या स्केटर आपलं सर्वोत्तम वैयक्तिक स्पर्धेसाठी राखून आल्या होत्या. ‘मुलगी दडपणाखाली ढेपाळली’ असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. मला ते अन्यायाचं वाटतं. संघाच्या वाट्याचं ओझं तिनं आधीच उचललं होतं, तेही दोन दिवस लागोपाठ.

प्रश्न : भारतात बर्फावरचं स्केटिंग कुठे शिकता येईल?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : ऑलिंपिकच्या मापाचं बंदिस्त रिंक डेहराडूनला आहे. सिमल्याला उघड्यावरचं जुनं रिंक आहे, पण ते थंडीचे थोडे आठवडेच चालतं. महाराष्ट्रात राहून पाया घालायचा असेल तर चार चाकांवरचं कलात्मक रोलर स्केटिंग हा सरळ मार्ग. अ‍ॅक्सेल, लुट्झ, सालकाव या उड्या आमच्याकडेही आहेत. तोल, कडा आणि पडण्याची सवय, हे तिन्ही इथे पक्कं होतं.

प्रश्न : माझी मुलगी इथे रोज पहाटे रिंकवर जाते. तिच्या गटात वयाच्या नव्या नियमावरून बरीच चर्चा असते. सोचीच्या वेळी नियम काय होता आणि आता तो का बदलला?
— एक मराठी पालक, टोरांटो

उत्तर : सोचीच्या वेळी नियम असा होता की मोसम सुरू होण्याआधीच्या १ जुलैपूर्वी मुलीला पंधरा पूर्ण झालेली असावीत. युलियाला पंधरा पूर्ण झाली ५ जून २०१३ला. फक्त सव्वीस दिवस राखून ती ऑलिंपिकला पात्र ठरली. तिच्याच देशाची रादिओनोवा त्या मोसमात मोठ्यांच्या ग्रां प्रीत पदकं जिंकत होती, पण तिचा जन्म जानेवारी १९९९चा. ती सोचीला जाऊच शकली नाही. सात महिन्यांच्या अंतरानं एकीच्या वाट्याला ऑलिंपिक आलं, दुसरीच्या वाट्याला आलं नाही.

अशी रेघ आखली की प्रशिक्षक आणि संघटना उलटा हिशेब मांडतात : ऑलिंपिक अमुक साली आहे, तेव्हा नुकतीच पंधरा पूर्ण झालेली, अजून उंची न वाढलेली मुलगी कोणती? त्या एका हिवाळ्यासाठी तिला घडवायचं. नियम मुलांच्या रक्षणासाठी होता, पण त्याचा आकडा इतका खाली होता की तोच लक्ष्य बनला.

२०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या कामिला वालियेवाच्या नमुन्यात बंदी असलेलं हृदयविकाराचं औषध सापडल्याचं उघड झालं आणि साऱ्या जगानं एका मुलीला बर्फावर कोसळताना पाहिलं. पुढे क्रीडा लवादानं तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. त्या ऑलिंपिकनंतर जूनमध्येच थायलंडमधल्या फुकेतला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची परिषद भरली आणि १०० विरुद्ध १६ मतांनी वय वाढवण्याचा ठराव झाला. २०२३-२४च्या मोसमात सोळा आणि २०२४-२५पासून सतरा. आजचा नियम तेव्हा असता तर युलियाही नाही आणि झागितोवाही नाही, दोघींनाही त्या वयात ऑलिंपिक मिळालं नसतं. मला विचाराल तर नियम योग्य आहे. सतराव्या वर्षी उडी मारता यायला हवी, हे एकदा ठरलं की तेराव्या वर्षीच्या हाडांची काळजी घेणं प्रशिक्षकाला भागच पडतं.

तुमच्या मुलीला सांगा, नियमानं तिला दोन वर्षं जास्त दिली आहेत.

प्रश्न : पुढे तिचं काय झालं? आणि जे लवकर वर जातात ते लवकर खाली येतातच का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सोचीनंतर महिन्याभरात ती जपानमधल्या सायतामाला जागतिक स्पर्धेत दुसरी आली. त्यानंतर उंची वाढली, शरीर बदललं, उड्या हातातून निसटू लागल्या. २०१५च्या नोव्हेंबरात तिनं तुतबेरिद्झे यांना सोडून अलेक्सेई उरमानोव या जुन्या ऑलिंपिक विजेत्याकडे सराव सुरू केला. २०१६च्या नोव्हेंबरात मॉस्कोतल्या स्पर्धेत लांब फेरीच्या मध्येच ती दुखापतीमुळे थांबली, पंचांपाशी गेली, परत आली आणि कशीबशी फेरी पूर्ण केली. ती तिची शेवटची स्पर्धा. वय अठरा.

२०१७च्या ऑगस्टमध्ये तिच्या आईनं रशियन वृत्तसंस्थेला सांगितलं की युलियानं निवृत्ती घेतली आहे आणि त्याआधी तीन महिने युरोपात तिच्यावर अ‍ॅनोरेक्सियाचे उपचार झाले. अन्न नाकारत-नाकारत शरीर खंगत जाण्याचा हा गंभीर मानसिक आजार आहे. युलियानं ते स्वतःही लपवलं नाही. हे अनेक वर्षं चाललं होतं आणि आधीच पाऊल उचलायला हवं होतं, असं ती म्हणाली. आज ती मुलांना स्केटिंग शिकवते आणि एका मुलीची आई आहे. तिचं आयुष्य थांबलेलं नाही, स्पर्धा थांबली.

वरची सगळी उत्तरं एकत्र ठेवली की एक गोष्ट दिसते. तिला वर नेणारं जे-जे होतं, ते सगळं मुदतीचं होतं. लहान चण, हलकं अंग, वयाच्या नियमातली सव्वीस दिवसांची फट, देशाची घाई. मुदत संपली तेव्हा त्याच गोष्टींनी तिला सोडलं. तिचं स्वतःचं जे होतं, तो ऐकणारा कान, ती मेणबत्ती, पडून उठण्याची जिद्द, ते कुठेच गेलं नव्हतं. ते टिकवून ठेवायला वेळ द्यायला हवा होता.

वेळ दिला तर काय होतं याचीही उदाहरणं आहेत. तुक्तामिशेवा चौदाव्या वर्षी ग्रां प्रीच्या दोन स्पर्धा जिंकली होती. ग्लाझोव या छोट्या गावातून ती सेंट पीटर्सबर्गला सरावाला रेल्वेनं जायची. वाढीच्या वयात उड्या डगमगल्या आणि सोचीचा संघ हुकला. लोकांनी तिला मोडीत काढलं. प्रशिक्षक अलेक्सेई मिशिन यांनी काढलं नाही. २०१५ साली ती जगज्जेती झाली आणि २०२१ साली, चोवीस वर्षांची असताना, जागतिक रौप्य घेऊन आली. अमेरिकेची अलिसा लिऊ सोळाव्या वर्षी खेळ सोडून घरी बसली, दोन वर्षांनी स्वतःच्या इच्छेनं परतली आणि २०२५ साली बॉस्टनला जगज्जेती झाली. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, खाली येणं अटळ नाही.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. जिल्ह्यात पहिली आली. आता तिचे सर म्हणतात, उड्या जड होतायत, भात आणि तूप बंद करा, दोन किलो उतरवा. ती रात्री न जेवता झोपते आणि म्हणते, “मला भूक नाही.” सरांचं ऐकू की नको? तिचं नुकसान तर होणार नाही?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, तुमचं पत्र सगळ्यांत शेवटी घेतलं, कारण वरचं सगळं वाचून झाल्यावर तुम्ही हे वाचावं अशी इच्छा होती.

ऐकू नका. आज रात्री तिला भात वाढा, वर तूपही घाला.

दहा-अकराव्या वर्षी मुलीचं अंग भरतं ते उंची वाढण्याची तयारी म्हणून. त्या वेळचं वजन उतरवणं म्हणजे घराचा पाया खोदताना सिमेंट वाचवणं. हाडांत कॅल्शियम साठण्याचा मोठा काळ पुढची पाच-सहा वर्षं आहे, आणि उडीवरून उतरताना त्याच हाडांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो. खाणं कमी आणि सराव जास्त असला की शरीर आधी वाढ रोखतं, मग पाळी रोखतं, मग हाडांना बारीक चिरा पडतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या ऊर्जेच्या तुटीला स्वतंत्र नाव देऊन सगळ्या खेळांना सावध केलं ते २०१४ साली, म्हणजे सोचीच्याच वर्षी.

‘मला भूक नाही’ हे वाक्य हलकं घेऊ नका. या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटा. जेवण टाळणं, ताटातलं लपवणं, सारखं आरशात किंवा काट्यावर पाहणं असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात एक दिवसही घालवू नका. पुढे पाळी सुरू झाल्यावर सलग तीन महिने आली नाही किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तरी डॉक्टरांना दाखवा. ‘खेळाडूंचं असंच असतं’ असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. आणि तिच्यासमोर तिच्या वजनाबद्दल कुणीही, अगदी आजीनंही, प्रेमानंसुद्धा बोलू नये.

सरांना शांतपणे विचारा : गेल्या सहा महिन्यांत हिची उंची किती वाढली? त्यांना ते माहीत नसेल तर उड्या जड का होतायत हेही त्यांना माहीत नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मीही रिंकच्या खोलीत वजनाचा काटा ठेवला होता. दर शनिवारी मुली रांगेनं उभ्या राहायच्या, मी वहीत आकडे लिहायचे आणि त्याला शिस्त म्हणायचे. एक दिवस सराव संपल्यावर बाकड्याखाली एक डबा राहिलेला दिसला. कुणाचा ते पाहायला उघडला. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, कडेला शेंगदाण्याचा लाडू, सगळं आईनं भरलं होतं तसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला विचारलं तर ती खाली मान घालून म्हणाली, “बाई, उद्या शनिवार आहे ना.”

काटा त्याच दिवशी गेला. आता त्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलगी चौकटीला पाठ लावून उभी राहते, डोक्यावर पट्टी धरून मी रेघ ओढते आणि शेजारी तारीख लिहिते. खूण एकदम वर सरकली की त्या मुलीच्या दुहेरी-तिहेरी उड्या तेवढ्या दिवसांसाठी बंद. तोवर कडा, पावलं, गिरक्या, संगीत. हिला नवीन अंग मिळालं आहे, त्याची ओळख होऊ दे, असं मी पालकांना सांगते. मुलीही एकमेकींच्या खुणा बघून ओरडतात, “बाई, ही माझ्यापुढे गेली!” उंची वाढल्याचा त्यांना आनंद होतो. दहाव्या वर्षी तो व्हायलाच हवा.

तुमच्या लेकीला एखाद्या रविवारी आमच्याकडे घेऊन या, शिकायला नाही तर नुसतं बघायला. त्या चौकटीवर तिचीही एक रेघ ओढू. आणि येताना डबा आणा, आम्ही सगळ्या सराव झाल्यावर एकत्र बसून खातो.